वायर न कापता

चार वर्षांपूर्वी एक सेकंड हँड गाडी घेतली. गाणं लावलं की खड्ड्यागणिक डावीकडचा आवाज जायचा, म्हणून डेक बाहेर ओढला. मागे काळ्या टेपचा गोळा होता. उन्हाने टेपचा गोंद पाघळलेला, त्यात धूळ बसलेली. टेप सोलल्यावर दिसलं की कंपनीचा प्लग कापून टाकला आहे आणि वायरींची टोकं नुसती पिळून नव्या डेकला जोडली आहेत. कोणती वायर कोणत्या स्पीकरची, कशात कायमचा करंट, कोणती पार्किंग दिव्यांची, हे पुन्हा शोधण्यात माझे दोन रविवार गेले. ज्या दुकानात ते काम झालं असेल तिथे कुणाची तरी वीस मिनिटं वाचली असतील आणि काहीशे रुपयांचा एक कपलर.

डेक घ्यायला गेलं की बोलणं होतं ते पडद्याच्या इंचांचं, रॅमचं, कॅमेऱ्याचं. कपलरचा विषय ‘तो फिटिंगमध्ये येतोच’ एवढ्यावर मिटतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपल्या गाडीला कोणता कपलर लागतो आणि तो कितपत चांगला मिळतो, हे आधी बघावं, मग डेक. डेक पाच-सात वर्षांत बदलला जातो. मूळ वायरिंग मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तीच राहते, आणि तिला एकदा कात्री लागली की पुढच्या प्रत्येक कामात ती जखम आडवी येते.

कपलर म्हणजे दोन तोंडांची वायरींची जुडी. एक तोंड गाडीच्या प्लगमध्ये बसतं, दुसरं डेकच्या पाठीत. डेकच्या बाजूला रंगांचा एक ठरलेला संकेत आहे आणि बहुतेक नामांकित कंपन्या तो पाळतात. पिवळी वायर बॅटरीच्या कायमच्या करंटची, लाल किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, काळी अर्थची. निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला जागं करणारी, केशरी पार्किंग दिव्यांची. स्पीकरमध्ये पांढरी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. त्याच रंगावर काळा पट्टा असेल तर ती मायनस. हे पाठ करावं, उपयोगी पडतं. पण गाडीच्या बाजूच्या वायरींना हा संकेत लागू नाही. तिथे प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. पिवळीला पिवळी आणि लालला लाल जोडून मोकळं होणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे आणि आजही रोज होते.

गाडीच्या बाजूलाही एकच प्लग असावा असा प्रयत्न झाला होता. आयएसओ 10487 हे त्या मानकाचं नाव, साल 1995. आठ पिनांचे दोन प्लग: एक करंटचा, एक चार स्पीकरांचा. करंटच्या प्लगमध्ये चौथी पिन कायमच्या करंटची, सातवी किल्लीच्या करंटची, आठवी अर्थची. युरोपातल्या कंपन्यांनी हे बऱ्यापैकी स्वीकारलं. जपानी आणि कोरियन कंपन्या आपापल्या प्लगवर राहिल्या. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत 10 आणि 6 पिनांची जोडी, होंडात आधी 20 आणि पुढे 24 पिना, सुझुकीत 20. आपल्या रस्त्यांवर सुझुकी आणि ह्युंदाईच्याच गाड्यांची गर्दी असल्यामुळे भारतात कपलरचा प्रश्न युरोपापेक्षा जास्त गुंतागुंतीचा झाला.

मानक पाळणाऱ्यांनीही ते आपापल्या सोयीने पाळलं. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक जुन्या गाड्यांत प्लग आयएसओचाच आहे, पण चौथ्या आणि सातव्या पिनेची कामं अदलाबदल केलेली आहेत. कपलर नीट बसतो, डेक सुरू होतो, गाणं वाजतं. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवल्यावर कळतं की साठवलेली स्टेशनं, घड्याळ, आवाजाची जुळणी सगळं पुसलं गेलं आहे, कारण डेकच्या स्मृतीची वायर किल्लीबरोबर बंद होते आहे. यावर तोडगा साधा आहे: चांगल्या कपलरमध्ये पिवळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये गोळीसारखे सुटे जोड दिलेले असतात, ते ओढून एकमेकांत बदलून लावायचे. स्कोडाच्या गाड्या 2001 पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यात जुळू लागल्या, चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. त्यामुळे या समूहाच्या गाड्या महाराष्ट्रात भरपूर आहेत. असे सुटे जोड नसलेला कपलर या गाड्यांच्या मालकांनी घेऊच नये.

आता निवड कशी करायची? दुकानदार विचारतो, ‘गाडी कोणती?’ आपण नाव सांगतो आणि तो फळीवरून एक पुडकं काढतो. नावावर जाऊ नये याची उदाहरणं आपल्या बाजारातच आहेत. 2019 मध्ये आलेली टोयोटा ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो. पुढचं बोधचिन्ह बघून टोयोटाचा कपलर मागितला तर दुकानाची फेरी फुकट. रेनॉ डस्टर आणि निसान टेरानो ही तशीच एका अंगाची दोन नावं. फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडही. याच्या उलट, एकाच नावाखाली तीन-तीन प्रकारची वायरिंग असते. सगळ्यात स्वस्त प्रकारात नुसती करंटची वायर, कधी स्पीकरच्या वायरी दरवाज्यापर्यंत टाकलेल्याच नाहीत. मधल्या प्रकारात स्टीअरिंगवर बटणं. वरच्या प्रकारात कॅमेरा, यूएसबी, कधी डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर. वर्षाच्या मध्यात मॉडेल बदललं तर प्लगही बदललेला असू शकतो.

म्हणून डेक बाहेर काढून प्लगचा फोटो घ्यावा, समोरून आणि वायरींच्या बाजूनेही. घरं किती आहेत ते मोजावं आणि त्यातल्या किती घरांत खरोखर पिना आहेत तेही मोजावं. वीस घरांच्या प्लगमध्ये कधी बाराच पिना भरलेल्या असतात, आणि रिकाम्या घरांवरून गाडीत काय नाही ते कळतं. मग साधा मल्टिमीटर. इंजिन बंद, किल्ली बाहेर: ज्या पिनेवर 12 व्होल्टच्या वर दिसतं ती कायमची. किल्ली ॲक्सेसरीवर: जी नव्याने जिवंत होते ती लाल वायरीची. पार्किंगचे दिवे लावल्यावर जी उठते ती केशरीची. पिवळ्या रंगाच्या प्लगना मात्र हात लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात आणि तिथे मीटरची टोकंही टेकवू नयेत.

स्पीकर ओळखण्याची युक्ती आमच्या भागातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला दाखवली. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. ज्या दरवाज्यातून ‘टक्’ ऐकू येईल तो स्पीकर. सेलची प्लस ज्या वायरीला लावल्यावर पडदा बाहेर ढकलला जातो ती त्या स्पीकरची प्लस. ‘चारही पडदे एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत साहेब, नाहीतर बास मरतो,’ ते म्हणायचे. ते अगदी खरं आहे. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि तबल्याचा डग्गा गाडीतून नाहीसा होतो. लोक डेकला दोष देतात, स्पीकर बदलतात, आणि चूक कपलरमधल्या दोन पिनांची असते.

स्पीकरच्या वायरींबाबत आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. डेकच्या डब्यावर 50 वॅट गुणिले 4 असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट असतात आणि स्पीकर 4 ओहमचा. 14.4 चा वर्ग भागिले 4, म्हणजे जवळपास 52. तो आकडा इथून येतो. पण आवाजाची लहर फाटून पुरती चौकोनी झाली तरच हे गणित जमतं. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मं, म्हणजे फार तर 26 वॅट, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळतात. एवढं काढण्यासाठीही डेकमधल्या ॲम्प्लिफायरला स्पीकरच्या दोन्ही वायरी उलट दिशांनी चालवाव्या लागतात. त्यामुळे स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नव्हे. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरच्या काळात बऱ्याच डेकची स्पीकरची एक वायर थेट बॉडीला जोडलेली असायची आणि चालायचं. आजचा डेक तशा वायरिंगला जोडला तर त्याची आवाजाची चिप जळू शकते. अशा जुन्या गाडीसाठी कपलर शोधत बसू नये. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन नव्या वायरी टाकणं हाच तिथला योग्य उपाय आहे.

इथपर्यंत सगळं वायरीला वायर जोडण्याचं काम होतं. पुढचा टप्पा वेगळा आहे.

1986 मध्ये बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत जगापुढे ठेवली. गाडीतल्या प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर नेण्याऐवजी एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून सगळ्या यंत्रणांनी संदेश पाठवायचे. किल्ली फिरली, दिवे लागले, रिव्हर्स गिअर पडला, वेग इतका आहे, हे सगळं त्या जोडीवरून जातं. अशा बऱ्याच गाड्यांत डेकच्या प्लगवर किल्लीच्या करंटची वायर नसतेच. मूळ डेक संदेश वाचून जागा होतो. बाजारातल्या डेकला ती भाषा येत नाही. त्याला लाल वायरीवर 12 व्होल्ट हवेत. म्हणून या गाड्यांच्या कपलरमध्ये एक छोटी डबी असते. आपल्याकडे तिला कॅन बॉक्स म्हणतात. ती संदेश वाचते आणि डेकला हवा तसा करंट तयार करून देते.

इथे दोन प्रकारचं काम बघायला मिळतं. एक बॉक्सने केलेलं. दुसरं असं की बॉक्सचे पैसे वाचवायला लाल आणि पिवळी एकत्र करून कायमच्या करंटला जोडली जाते. मग डेक कधीच पूर्ण झोपत नाही. समजा तो बंद दिसत असतानाही 0.3 अँपिअर ओढतो आहे. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असली तर 117 तासांत, म्हणजे पाच दिवसांत ती कोरडी. स्टार्टर फिरायला त्यातली बरीच शिल्लक लागते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन दिवसांतच गाडी उठत नाही. गणपतीला कोकणात जाताना गाडी घरी ठेवली आणि परत आल्यावर बॅटरी बसली, अशी तक्रार आली तर मी आधी डेकची लाल वायर बघतो. नवा डेक बसवल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबावं आणि बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर लावून करंट मोजावा. तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत हवा. हे मोजून दाखवायला सांगितलं तर चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

बॉक्सची निवड हा या साऱ्या प्रश्नातला सर्वात नाजूक भाग. गाडीची भाषा बॉक्सला यायला हवी, आणि बॉक्सची भाषा डेकला. अँड्रॉइड डेकसाठी हायवर्ल्ड, रेझ अशा चिनी कंपन्यांचे बॉक्स येतात. डेकच्या आतल्या सेटिंगमध्ये, जिथे जायला सांकेतिक अंक लागतो, तिथे बॉक्सचं नाव आणि गाडीचं मॉडेल दोन्ही निवडावी लागतात. एक चुकलं तरी दरवाजा उघडल्याची खूण दिसत नाही, स्टीअरिंगची बटणं भलतीच कामं करतात, किंवा रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा उठत नाही. लोक डेक परत करतात आणि नुसती यादीतली ओळ बदलायची असते. तो सांकेतिक अंक फिटिंगच्या दिवशीच लिहून घ्यावा.

स्टीअरिंगच्या बटणांचा दुसरा, साधा प्रकारही आहे. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या ओहमचा एक रोधक असतो आणि सगळी बटणं दोन-तीन वायरींवर बसतात. डेकच्या ‘की 1’ आणि ‘की 2’ वायरींना त्या जोडल्या की डेकला एकेक बटण दाबून शिकवता येतं. याला बॉक्स लागत नाही, फक्त कपलरमध्ये त्या वायरी आणलेल्या असायला हव्यात. स्वस्त कपलरमध्ये नेमक्या त्याच गाळलेल्या असतात. विकत घेताना पिना मोजायच्या त्या यासाठी.

अँटेनाची तक्रार उशिरा कळते. शहरात एफएम लागतो, घाट ओलांडला की खरखर. कारण बऱ्याच गाड्यांत छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला करंट अँटेनाच्या केबलमधूनच मिळतो. मूळ डेक तो देत होता, नवा देत नाही. अशा वेळी फाक्रा जोडाचा अँटेना अडॅप्टर घ्यायचा तो निळी शेपटी असलेला, आणि ती शेपटी डेकच्या निळ्या वायरीला जोडायची. फाक्राच्या संकेतात पांढरं कवच म्हणजे केबलमधून करंट लागणारा रेडिओ, काळं म्हणजे तसा न लागणारा, निळं जीपीएसचं. विविध भारती ऐकत लांबचा प्रवास करणाऱ्याला या एका वायरीची किंमत कळते. कॅमेऱ्याचंही असंच: काही गाड्यांतला कंपनीचा कॅमेरा 6 व्होल्टवर चालतो, बाजारातला डेक 12 देतो. मधे व्होल्ट उतरवणारा तुकडा नसेल तर चांगला कॅमेरा पहिल्याच रिव्हर्सला जातो.

कपलर मिळाला, पिना जुळल्या, तरी तो कशाचा बनला आहे हे बघायचं राहतं. स्वस्त जुड्यांमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम वापरतात. वायरचं टोक सोलून लायटरवर धरलं की तांबं लाल होतं, ॲल्युमिनियम वितळून गळतं. बंद गाडी नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी असते तेव्हा डॅशबोर्डच्या आतली हवा भट्टीसारखी असते. तिथे पिळलेला जोड सैल होतो आणि टेप सुटते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याची दमट, खारी हवा उघड्या तांब्यावर हिरवा थर चढवते. म्हणून जोड एकतर डागलेला असावा किंवा दाबून बसवलेला, आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी. पिवळ्या वायरीत फ्यूज हवाच, बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा. तो उडाला तर कारण शोधावं, मोठा फ्यूज घालू नये. आणि डिकीतल्या वूफरच्या ॲम्प्लिफायरचा करंट कपलरमधून कधीही घेऊ नये. त्याला थेट बॅटरीपासून जाड वायर, आणि बॅटरीजवळच फ्यूज.

वॉरंटीची भीती लोकांना असते, ती निराधार नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड केला. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं. ग्राहकाच्या हातात मात्र एक साधी गोष्ट आहे: कापलेली वायर हा त्याच्याविरुद्धचा पुरावा असतो, आणि कपलर दहा मिनिटांत काढून ठेवता येतो.

काही गाड्यांत डेक बदलूच नये, असं माझं मत आहे. ज्यांचा एसी, सीट, गाडीच्या सेटिंग पडद्यातूनच चालतात, किंवा 2021 च्या एक्सयूव्ही 700 सारख्या ज्यांच्यात मीटर आणि पडदा एकाच पट्टीत आहेत, तिथे कपलर काय करणार? पण आवाज सुधारायचा तर वाट आहे. टी-हार्नेस मिळतं: मूळ डेक आणि त्याचा प्लग यांच्या मधे बसणारा कपलर, ज्यातून स्पीकरचे सिग्नल बाहेर काढून ॲम्प्लिफायरला देता येतात. डेक तसाच, पडदा तसाच, वायरिंगला ओरखडा नाही. या प्रकाराकडे आपल्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. नव्या गाड्यांत पुढच्या काळात हाच कपलर जास्त लागेल.

आणि ज्यांचा प्लग आधीच कुणी कापला आहे त्यांच्यासाठी उलटा कपलर असतो: गाडीच्या मूळ प्लगची प्रतिकृती, मागे मोकळ्या वायरी. आपल्याकडे तो प्रत्येक मॉडेलला मिळत नाही. माझ्या गाडीला मिळाला नाही. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात त्याच मॉडेलची, त्याच सालची मोडीत निघालेली गाडी सापडली. तिचा प्लग वीतभर वायरींसकट कापून घेतला आणि पुढच्या रविवारी एकेक वायर डागून, नळी चढवून जोडली. त्यावर कपलर बसवला. कंपनीचा जुना डेक मी त्याच बाजारातून दोनशे रुपयांना आणला होता. तो आधी त्या प्लगमध्ये लावून बघितला. घड्याळ लागलं, चारही दरवाजे बोलले.